पाचवा उद्गार

आमच्या मिरजेच्या ख्रिस्ती मंडळीत उन्हाळा लागला की माणसं एकमेकांना आकडे विचारतात. तुम्हाला यंदा कितवा? मला दुसरा. आणि त्यांना? बाहेरच्या माणसाला वाटावं, घरकुलाचा नंबर लागायची वाट बघताहेत. पण हे सगळं चाललेलं असतं उत्तम शुक्रवारसाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभू येशूनं वधस्तंभावर असताना सात उद्गार काढले, त्यातल्या एकेकावर मंडळीतला एकेक जण बोलतो आणि मधे मधे गीतं होतात. कोणाला कितवा द्यायचा ते पंच कमिटी ठरवते. या वाटपावरून आमच्याकडे जेवढे रुसवेफुगवे झालेत तेवढे लग्नांतूनही झाले नसतील.

पहिला उद्गार क्षमेचा, तो पाळकसाहेबांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा. दुसरा शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला उद्देशून. तो कोणालाही दिला तरी मागच्या बाकांवर खसखस पिकते, आणि एका वर्षी तो रस्त्याची कामं घेणाऱ्या ठेकेदाराला दिला तेव्हा तर पाळकसाहेबांनाही खाली बघावं लागलं. चौथा कोणी आपणहून मागत नाही. देवा, तू मला का सोडलंस, या वाक्याचं स्पष्टीकरण देता देता भल्याभल्यांना घाम फुटतो. सातवा मिळाला तर समजायचं की कमिटीची आपल्यावर मर्जी नाही, कारण तोवर पावणेतीन वाजलेले असतात आणि उपाशी माणसं घड्याळाकडे बघत असतात.

पाचवा उद्गार आमच्या घरचा होता. "मला तहान लागली आहे." सातांतला सगळ्यांत लहान. माझे वडील, म्हणजे पप्पा, मला आठवतं तेव्हापासून तोच घ्यायचे. ते रेल्वेत सांधेवाले होते, गाडी येण्याआधी रूळ बदलून द्यायचं त्यांचं काम. त्यामुळे त्यांच्या भाषणात रेल्वे असायचीच. उन्हाळ्याचे दिवस, गाडी फलाटाला लागलीय, माणसं बाटल्या आणि तांबे घेऊन नळाकडे धावताहेत, पहिला माणूस नळ उघडतो आणि नळ नुसताच फुसफुसतो. इथे पप्पा थांबायचे. मंडळीतली आम्ही मुलं बाकावर बसून ओठांतल्या ओठांत पुढचं वाक्य म्हणायचो, "मंडळी, हा नळ म्हणजे हे जग." दर वर्षी तेच भाषण, आणि दर वर्षी एखाद्या बाईच्या डोळ्यांत पाणी ठरलेलं. भाषण चांगलं होतं असं मी म्हणणार नाही, पण लोकांना ते हवं असायचं.

आई उंब्रजकडची. तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून झालेलं नव्हतं, ऐकून झालेलं होतं. पाचव्या उद्गारानंतर शिपायांनी येशूला आंब दिली असं आमच्या मराठी शास्त्रात आहे. आता आईच्या माहेरी आंब म्हणजे हरभऱ्याची. हरभरा घाट्यावर आला की बायका पहाटे पिकावरून फडकं फिरवतात, दवाबरोबर पानांवरचा आंबटपणा त्यात उतरतो, तो पिळून बाटलीत भरून ठेवतात. पोट दुखलं, ऊन बाधलं की पाण्यातून थोडी द्यायची. आईनं तेच धरून ठेवलं होतं. तिच्या मते ते शिपाई म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरं, पलटणीत भरती झालेली, तिच्या भावांसारखी. घरून निघताना आयांनी आंबेची बाटली बरोबर दिलेली, आणि खिळे मारायचा हुकूम वरून आला तरी तहानलेल्या माणसाला बघून त्यांच्यानं राहवलं नाही. पप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की ती आंब वेगळी, नासलेला द्राक्षारस, आणि तो देण्यात दया होती की चेष्टा यावरही पाळक लोकांत वाद आहेत. पण आईला सांगू नकोस म्हणाले. मी सांगितलं नाही.

पप्पांची मूत्रपिंडं साखरेनं खाल्ली. निवृत्त झाल्यावर काही वर्षं गोळ्यांवर निभावलं, मग डायलिसिस सुरू झालं, सोमवारी आणि गुरुवारी. मी नर्स आहे. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथे नकोत. आईपप्पा माझ्याजवळ राहायचे, त्यामुळे घरात हुकूम माझा चालायचा, आणि मला हुकूम चालवता येतो. ज्याची लघवी जवळजवळ बंद झालीय त्याच्या पोटात गेलेलं पाणी यंत्र लावेपर्यंत अंगातच राहतं. पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं. पप्पांचं हृदयही कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवसाला अर्धा लिटर, चहा, आमटी, ताक सगळं धरून, आणि यात गय करू नका. मी गय केली नाही.

लोकांना वाटतं पथ्य म्हणजे भात कमी, मीठ कमी. पाण्याचं पथ्य काय असतं ते मिरजेच्या एप्रिलात एखाद्याला पाळून दाखवायला सांगा. मी सकाळी बाटली भरून द्यायची, ती दिवसभर पुरवायची. पप्पा एकेक घोट तोंडात धरून बसायचे, गिळायला नको म्हणून. मी बर्फाचा खडा द्यायची, लिंबाची फोड द्यायची, ओला कापूस ओठांवरून फिरवायची. माठ मी परसदारी हलवला, कारण ते माठाकडे बघत बसायचे. तर ते नळाचा आवाज ऐकत बसायला लागले. नगरपालिकेचं पाणी आलं की शेजारी बादल्या लागायच्या, आणि पप्पा डोळे मिटून, मान थोडी वाकडी करून ऐकायचे. कोणाला वाटावं, तंबोरा जुळवणाऱ्याच्या दुकानात बसलेत.

मग चोऱ्या सुरू झाल्या. दात घासताना चूळ भरायच्या नावाखाली गिळायचे. आंघोळीच्या मगातून प्यायचे. सोमवारी यंत्रावर घेण्याआधी वजन करायचे, तिथे काटा खरं बोलायचा. मग मी आंघोळीच्या वेळी दाराबाहेर स्टूल टाकून बसायला लागले आणि आतून मग वाजला की विचारायचे, काय चाललंय. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाचा रुपया इकडचा तिकडे केला नाही, त्याला त्याच्या मुलीनं न्हाणीघराच्या दाराशी पकडायचं. ते मला फौजदारीणबाई म्हणायचे. आधी हसून म्हणायचे, नंतर नुसतंच म्हणायला लागले. मी हे सगळं का करत होते ते मला पक्कं माहीत होतं. मला ते जिवंत हवे होते. आणखी एक पावसाळा, आणखी एक नाताळ, मिळेल तेवढं.

त्या वर्षी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, लागल्यावर पाळकसाहेब आणि कमिटीचे एक जुने पंच घरी आले. पंच म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वाक्य पूर्ण केल्याशिवाय श्वास न घेणारे. त्यांनी आडवळणानं सुचवलं की यंदा तब्येतीमुळे पप्पांनी नुसता शास्त्रपाठ वाचावा. पप्पा म्हणाले, पाचवा मीच घेणार. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर नको म्हणाले. तीन तासांची उपासना, वर पत्रा, त्यात तहानेवर बोलायचं, ही कसली हौस? पंच म्हणाले, तुमच्या वडिलांशिवाय पाचवा शोभत नाही. मला त्यांचा राग आला. शोभा बघायला हे येणार आणि रात्री उशाशी मी बसणार. पण पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत स्वयंपाकघरात गेले. या घरात त्यांच्या हातात आता तेवढंच राहिलं होतं.

उत्तम शुक्रवारी आम्ही रिक्षा केली. आईनं पांढरं लुगडं नेसलं होतं, मी पांढरा ड्रेस, पप्पांचा पांढरा सदरा त्यांना दोन माणसांचा झाला होता. आदल्या दिवशीच डायलिसिस झालेलं, म्हणून तोंडाला जास्तच कोरड होती. बाटली माझ्या पर्समधे होती. गोळ्यांबरोबर सकाळीच बरंच पाणी संपलं होतं, उरलेलं संध्याकाळपर्यंत पुरवायचं होतं. आम्ही पुढच्याच बाकावर बसलो. पंखे फिरत होते, पण वारा गरमच.

चौथ्यानंतरचं गीत संपलं. मी पप्पांना धरून दोन पायऱ्या चढवल्या, खुर्चीवर बसवलं, माईक खाली करून दिला आणि जागेवर आले. बोलणाऱ्यांसाठी बाजूच्या टेबलावर पाण्याचा ग्लास असतो, वर बशी झाकलेली. तो त्या दिवशीही होता, त्यांच्या हातापासून जरा लांब.

पप्पांनी सुरुवात केली. उन्हाळ्याचे दिवस, गाडी फलाटाला लागलीय. माणसं नळाकडे धावताहेत. नळाशी आले आणि थांबले. नेहमी थांबायचे तिथेच, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. पण पुढचं वाक्य आलं नाही. त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली. माईकमधून तो कोरडा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. मग ते म्हणाले, "मला तहान लागली आहे."

माना खाली झाल्या. थोड्या वेळानं ते परत तेच म्हणाले. मागून कुणीतरी बाई हळूच आमेन म्हणाली.

तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मला तहान लागली आहे हो."

शास्त्रात 'हो' नाही. तो 'हो' आपल्या माणसांचा आहे. दारात उभं राहून कुणाला काही मागताना आपण वाक्याच्या शेवटी लावतो तो. सगळी मंडळी डोळे मिटून ऐकत होती, आणि त्यांना वाटलं की माणूस उद्गाराशी एकरूप झालाय. एक माणूस पाणी मागत होता आणि शंभरेक माणसं आमेन म्हणत होती. ग्लास ओढून घ्यायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. पण माझ्यासमोर त्यांनी माझ्या परवानगीशिवाय कधी पाणी घेतलं नव्हतं, आणि तेव्हाही ते परवानगीच मागत होते. मी मानेनं नाही म्हणाले.

आई उठली. माझ्या गुडघ्यांना घासून बाहेर पडताना ती थांबली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "त्या शिपायांनी तरी आंब दिली व्हती."

ती पायऱ्या चढली. त्या जागी ती आयुष्यात कधी चढली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा केला, बशी काढून टेबलावर ठेवली आणि ग्लास पप्पांच्या तोंडाला लावला. माईक चालूच होता. घोटाघोटाचा आवाज चर्चभर झाला, बाहेर भोंग्यावरून रस्त्यापर्यंत गेला असणार. ग्लास रिकामा झाल्यावर पप्पांनी मोठा श्वास सोडला आणि आमेन म्हणाले. सहाव्या उद्गाराला कॉलेजमधले एक तरुण प्राध्यापक होते. त्यांनी आपले कागद काढले आणि लिहून आणलेलं सगळं वाचून दाखवलं.

बाहेर आल्यावर लोकांनी आम्हाला गराडा घातला. किती परिणामकारक, अंगावर काटा आला, असं जिवंत सादरीकरण मिरजेत कधी झालं नाही. पंचांनी आईला विचारलं, केव्हा उठायचं ते आधी ठरवलं होतं का? आई म्हणाली, न्हाई. त्यांना तेही नम्रपणाचं वाटलं.

एका ग्लासानं माणूस मरत नाही हे मला कळत होतं. संध्याकाळचा चहा कापला असता, दुसऱ्या दिवशी घोट कमी केले असते, भागलं असतं. घरी येताच मी तसा हिशोब मनात लावलाही होता. पण आई परसदारी गेली, माठ उचलून आत घेऊन आली आणि पप्पांच्या खाटेशी तिवईवर ठेवला. मी म्हटलं, हे काय? तिनं तांब्या धुवून माठावर पालथा घातला.

मग मी जे बोलले ते दवाखान्यात नातेवाइकांशी बोलताना आम्ही आवाज खाली ठेवून बोलतो. मी ठेवला नाही. सांगितलं की हे पाणी छातीत चढेल. आडवं झोपता येणार नाही, बसूनही श्वास मिळणार नाही, कोरड्या खाटेवर बसल्या जागी माणूस बुडतो. मी बघितलंय, एकदा नाही. आई भिंतीकडे बघत होती. पप्पा ऐकत होते.

"मला समजतं गं सगळं," ते म्हणाले. "पण आता मी विचारणार नाही."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, शनिवारी आणा, जादा डायलिसिस करून घेऊ. पप्पा म्हणाले, ईस्टर होऊ दे, सोमवारी आपला नंबर आहेच. त्यांना हात धरून नेता आलं नसतं का? आलं असतं. मी शनिवारी दोनदा रिक्षा दाराशी आणली आणि दोनदा परत पाठवली. ते शुद्धीत होते, हसत होते, आणि नाही म्हणत होते. शुद्धीतल्या माणसाला उचलून न्यायची नर्सला मुभा नसते. मुलीला असते की नाही ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

शनिवारभर ते प्यायले. तांब्या ओठांना न लावता, वरून धार सोडून, लाइनवरची माणसं पितात तसे. आईनं कलिंगड कापलं, ताक केलं. वाळ्याचं पाणी केलं. दुपारी ते दोघं खाटेवर बसून आईच्या माहेरच्या विहिरीबद्दल बोलत होते, ती खारी होती की मचूळ यावरून त्यांचं भांडण झालं, आणि आई हसली. तिचं हसणं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी बाहेर पायरीवर बसले होते. मला त्या दोघांचाही इतका संताप आला होता की आत जाववत नव्हतं. संध्याकाळी मी पप्पांच्या नडगीवर बोट दाबून बघितलं. खळगा पडला तो भरून आला नाही. त्यांनी पाय पांघरुणात ओढून घेतला.

रविवारी पहाटे त्यांचा श्वास लागला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ते खाटेच्या कडेला बसून दोन्ही हातांनी गादी धरून होते, ओठ निळे झालेले. मी ऑक्सिजन लावला. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. रस्त्यात मंडळी भेटली. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे सगळे फुलं आणि मेणबत्त्या घेऊन गीतं गात दफनभूमीत जातात. ॲम्ब्युलन्सला वाट द्यायला ते कडेला झाले, पण गाणं थांबवलं नाही, आत कोण आहे हे त्यांना कसं कळणार. पप्पांच्या तोंडाला गुलाबी फेस आला होता. यंत्र जोडायच्या आतच ते गेले.

दुपारपर्यंत घर भरलं. सलाम करून बसणारा प्रत्येक जण तेच बोलत होता. ईस्टरला गेले, असं मरण कोणाला मिळतं. शुक्रवारी साक्ष दिली आणि रविवारी प्रभूकडे. मला एकेकाला धरून सांगावंसं वाटत होतं की फुप्फुसात पाणी भरून मेलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं ते बघा आणि मग बोला. मी कफन सारखं केलं, हनुवटी बांधली, नाकात कापूस घातला. ते काम मला येतं.

माती देऊन आलो. शेजारणींनी पिठलं-भाकरी आणून ठेवली होती. एकेक करून सगळे उठले, शेवटी पाळकसाहेबही प्रार्थना करून गेले, आणि घरात आम्ही दोघीच राहिलो. दिवस अजून मावळला नव्हता. आई खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली होती. बराच वेळ तिनं लुगड्याच्या काठाशी चाळा केला, मग माझ्याकडे बघितलं.

"तू दवाखान्यातली हायस," ती म्हणाली. "मला खरं सांग. माज्या पान्यानं गेले का?"

खोटं मला सहज बोलता आलं असतं. आम्ही रोज बोलतो. हृदय थकलं होतं, वय झालं होतं, वेळ आली होती. सगळी वाक्यं तयार असतात आणि लोक ती ऐकून शांत होतात. पण ती माझ्याकडे लोकांसारखी बघत नव्हती, आणि माझ्यातला दोन दिवसांचा राग अजून उतरला नव्हता.

"हो," मी म्हणाले.

ती हलली नाही. ती रडेल, छाती बडवून घेईल, मला तळतळाट देईल, या सगळ्याची मी तयारी केली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली, बाजारात भाव विचारून पटल्यावर हलवतात तशी.

"मग तान घिऊन न्हाईत गेले," ती म्हणाली. "ऊठ. जेव."

शुक्रवारपासून मी पहिल्यांदा रडले. ती माझ्याजवळ आली नाही. उठली, ताट घेतलं, त्यात भाकरी आणि पिठलं वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मग माझ्यासाठी पाणी भरून आणलं, काठोकाठ, आणि मी ते पिईपर्यंत समोर उभी राहिली.